गरम भात सगळ्यायचाच चांगला

त्या बाईवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. धंद्यात मी पहिला भाव कधी बोलत नाही, पण इथे बोलतो. नाहीतर पुढे तिच्याबद्दल चार चांगले शब्द येतील ते वाचून लोकांना वाटेल, बाई गेली आणि याचा राग निवळला. बाई जाऊन दोन वर्षं झाली. राग जिथल्या तिथे आहे.

नागभीडकडच्या एका आश्रमशाळेत ती स्वयंपाकीण होती. अडीचशे पोरांचा दोन वेळचा भात तिच्या हातचा. मी त्या शाळेला तांदूळ पुरवायचो. मिल नवीच होती माझी. त्याआधी आठ वर्षं मी दुसऱ्याच्या मिलवर पोती वाहिली, मग दलाली केली, मग भंगारातली एक मशीन उचलली आणि टिनाच्या शेडमध्ये बसवली. मला कुणी कशात सूट दिली नाही, म्हणून मीही कुणाला दिली नाही. हिशेब सरळ आहे.

शाळेत पहिल्यांदा माल घेऊन गेलो तेव्हा मी खिशातून परखी काढली. पोत्यात खुपसून मधले दाणे बाहेर काढायची लोखंडी नळी असते, तिला परखी म्हणतात. बाईने ती पाहिली आणि बाजूला सारली. पोत्याची शिवण उसवली, बांगड्या वर सरकवल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. डोळे मिटून थोडा वेळ तशीच उभी राहिली, जणू आत कुणाची नाडी सापडते का पाहत होती. मग हात काढला, पोत्याला एक चापट मारली आणि म्हणाली, "काय गा, ओला हायेस तू. जाय घरी."

मला वाटलं, मला म्हणते आहे. मी म्हणालो, "बाई, ओला कुठी हाय? कोरडा ठणठणीत हाय."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पोत्यालाच म्हणाली, "अन वरून खोटं बोलतेस."

ही तिची रीत होती. माल ज्याचा, पोतं त्याच्या नावाचं. नागभीडच्या एका किराणा व्यापाऱ्याचं पोतं आलं की ती त्या पोत्याला "या शेठजी, बसा" म्हणायची आणि खरा शेठजी दारात छत्री घेऊन उभा असायचा, त्याच्याशी एक शब्द नाही. हेडमास्तर सांगायचे, तिचं काही मनावर घेऊ नका, तिचा स्वभावच तसा आहे. पण पोतं परत जायचं ते जायचंच. माझी गाडी तिने बारा वर्षांत सात वेळा परत पाठवली. आणि बारा वर्षांत ती माझ्याशी एकदाही बोलली नाही. जे बोलली ते माझ्या पोत्यांशी.

तिच्या बाकीच्या तऱ्हाही सांगण्यासारख्या आहेत. ती खुर्चीवर बसत नसे. खुर्चीवर बसलं की पोट दुमडते आणि चव कळत नाही, म्हणायची. तांदूळ निवडताना एक मूठ पितळेच्या ताटलीत टाकून आवाज ऐकायची. तिच्या मते कणी असलेला तांदूळ "कुजबुजते" आणि अखंड तांदूळ "बोलते". शाळेत तपासणीला साहेब आले, भाताचा घास घेऊन वा वा म्हणाले, की हिचा चेहरा आंबट व्हायचा. साहेबांची गाडी गेली की म्हणायची, "गरम भात सगळ्यायचाच चांगला. त्यात काय कवतिक."

ती स्वतः गरम भात खातच नसे. दिवसभर अडीचशे ताटं वाढून ती चहावर राहायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीचा बासी भात, मीठ, मिरची घेऊन चुलीपाशी उकिडवी बसायची. तिचं म्हणणं असं, की भात माणसासारखा आहे. ताजा असताना तो सगळ्यांशी गोड वागतो. रात्र गेली की त्याचं खरं काय ते दिसतं. रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावायला, जाणारी बाई सकाळी डब्यात बासीच नेते ना? मग तिला विचारा तांदूळ कसा आहे. हाटेलात बसलेल्याला काय विचारता?

अशा बाईला कुणी परीक्षक नेमेल असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या तालुक्याला हिवाळ्यात कृषी प्रदर्शन भरतं. दोन दिवस आधीपासून मैदानावर मांडव, पाट्या, भोंगे. एकीकडे ट्रॅक्टर आणि रोवणीची यंत्रं, एकीकडे बैल, गायी, एका मांडवात कोहळे, भोपळे, हळद, मोहाचे लाडू, जवसाची चटणी. वनखात्याचा एक तंबू असतो, त्यात वाघाचा पुठ्ठ्याचा पुतळा आणि सौर कुंपणाचा नमुना. लोक कुंपणाला हात लावून झटका बसतो का पाहतात आणि बसला की दुसऱ्याला बोलावतात. या सगळ्यात मानाची गोष्ट म्हणजे तांदळाची स्पर्धा. आमचा भाग धानाचा. भोपळ्याला बक्षीस मिळालं तर माणूस हसतो. तांदळाला मिळालं तर त्याची चाल बदलते.

आधीच्या साली निकालावरून भांडण झालं होतं. परीक्षक पहिल्या नंबरवाल्याचा जावई निघाला, असा बोभाटा झाला. म्हणून त्या साली आयोजकांनी तीन परीक्षक ठेवले: एक निवृत्त कृषी अधिकारी, एक कॉलेजचे प्राध्यापक, आणि तिसरी, कुणाच्याच नात्यातली नसलेली, नुकतीच निवृत्त झालेली ही बाई.

त्या स्पर्धेत मला काय हवं होतं ते सांगतो. ताडोब्याच्या बाजूला मोहर्लीकडे सफारीवाल्या पर्यटकांसाठी रिसॉर्टं आहेत. त्यातल्या एकाचा खरेदीचा मॅनेजर प्रदर्शनाला येणार होता. त्याला वर्षभर लागणारा तांदूळ "स्थानिक शेतकऱ्यांचा, बक्षीसपात्र" असा हवा होता. त्यांच्या मेनूकार्डावर तसं छापायचं होतं. पहिला नंबर ज्याचा, त्याचा माल, असं तो मला फोनवर बोलला होता. असं एक गिऱ्हाईक लागलं की मागून दहा लागतात. शाळा-वसतिगृहांच्या दारात उभं राहून पोती परत न्यायचं माझं आयुष्य त्या एका कागदाने संपणार होतं.

अर्जात अट होती: तांदूळ एकाच शेतातला, एकाच वाणाचा. मी सही केली. तांदूळ मात्र मिसळलेला होता. मागच्या सालचा एका शेताचा बारीक आणि या सालचा दुसऱ्या शेताचा, तसाच दिसणारा नवा. इतका बेमालूम, की मीच निवडायला बसलो असतो तर मला जमलं नसतं. कुणी म्हणेल, स्पर्धेला पाच किलोच द्यायचा होता, मग तेवढा तरी चोख का नाही दिला? माझ्या बायकोने हेच विचारलं. पण नमुना एक आणि माल दुसरा, हे मी कधी केलेलं नाही. मॅनेजर नमुना ठेवून घेणार आणि पुढे प्रत्येक पोतं त्याच्याशी ताडून पाहणार. मला वर्षभर मिसळलेलाच पुरवायचा होता, तेव्हा नमुनाही मिसळलेलाच हवा. हे धंद्याचं शहाणपण आहे. चोर नमुना चोख देतो. मी चोर नव्हतो.

त्या दिवशी सकाळपासून बाई मैदानावर फिरत होती. मी तिच्यावर लक्ष ठेवून होतो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर तिने बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली आणि विक्रेत्याला विचारलं, "हा बसून राह्यला त किती खाते?" तो म्हणाला, "बसून राहिला तर काहीच खात नाही, बाई." ती म्हणाली, "मंग बैलापरीस बरा हाय." फवारणीच्या ड्रोनचं प्रात्यक्षिक सुरू झालं तेव्हा सगळे माना वर करून उभे, आणि ही त्याच्या बरोबर खाली छत्री उघडून उभी. भोंग्यावरून सांगितलं, त्यात साधं पाणी आहे. तिने छत्री मिटली नाही.

दुपारी बचत गटाच्या बायकांनी चौदा चुली पेटवल्या. चौदा सारखे गंज, म्हणजे भाताची पातेली, सारखं पाणी, गंजावर नुसता नंबर, नाव नाही. माझा नववा. भात शिजायला लागला तसा मांडवात वास पसरला आणि लोक भोपळे सोडून तिकडे जमले. अधिकारी आणि प्राध्यापक वाट्या घेऊन फिरले. दोघांनीही नववा पहिला लावला. मी मागे उभा राहून निकालाच्या कागदावर डोकावलो होतो, त्यामुळे मला समजलं.

मग कागद बाईकडे गेला. तिने चौदा गंजांवर झाकणं ठेवली.

"बाई, चव घ्या," आयोजक म्हणाले. "चार वाजता पाहुणे बक्षिसं वाटून जाणार आहेत."

"जाऊ द्या त्यायले."

"म्हणजे?"

"उद्या सकाळी खातो. मंग सांगतो."

आयोजक हसले. ती हसत नाही असं पाहून थांबले. अधिकाऱ्यांनी समजावलं, प्राध्यापकांनी समजावलं. तिचं एकच: गरम भात सगळ्यायचाच चांगला, यात माझी सही कशाला? तिघांच्या सह्यांशिवाय निकाल नाही, हे आयोजकांनीच गेल्या सालच्या भांडणानंतर ठरवलेलं. ते आपल्याच नियमात अडकले.

तिकडे पाहुणे आले. भोपळ्याला बक्षीस दिलं, गायीला दिलं, हळदीला दिलं, तांदूळ आमच्या भागाचा श्वास आहे असं भाषण केलं आणि तांदळाचं बक्षीस न देता निघून गेले.

मी शांत राहायला हवं होतं. नाव लपवलेलं होतं, दोन मतं माझ्या बाजूची होती. पण मॅनेजर गाडीची किल्ली बोटात फिरवत होता, आणि ते पाहून माझं डोकं फिरलं. मी चुलीपाशी गेलो आणि ओरडलो, "हे काय लावलं हाय वो बाई? दोघायनं नववा पयला लावला, तुमचं एकटीचं काय अडून राह्यलं?"

नववा कुणाचा, हे आता मैदानावरच्या बैलांनाही कळलं होतं. बाई वाकली आणि माझ्या गंजाच्या झाकणावर बोटाने टकटक केलं.

"नऊ नंबर," ती गंजाला म्हणाली, "गप बस."

लोक इतके हसले की माझ्या कानशिलांत रक्त चढलं.

मी मॅनेजरला गाठलं. तो म्हणत होता, उद्या त्याच्याकडे पाहुणे आहेत, जमणार नाही. मी सौदा सोडणारा माणूस नाही. सकाळी माझी गाडी पाठवतो म्हणालो, आणि पहिला नंबर तुमच्याच समोर जाहीर होताना फोटो काढा, तुमच्या मेनूकार्डाला कामी येईल, असंही म्हणालो. फोटोचं त्याला पटलं. अशा रीतीने दुसऱ्या दिवशीचा साक्षीदार मीच माझ्या खर्चाने आणला.

सकाळी मैदान ओळखू येत नव्हतं. मांडवाचं कापड गुंडाळणं चालू होतं, वनखात्याचा वाघ टेम्पोत आडवा पडला होता, आणि बक्षीस मिळालेला भोपळा मालकाने न्यायच्या आधी एका गायीने अर्धा खाल्ला होता. गंज रात्रभर जवळच्या शाळेच्या खोलीत बंद होते आणि किल्ली बाईच्या पदराला. तिने ते ओळीने बाहेर काढायला लावले. आयोजक, दोन्ही परीक्षक, काही स्पर्धक, मी, मॅनेजर. बस, एवढेच लोक.

ती जमिनीवर बसली. प्रत्येक गंजातून एक मूठ घ्यायची, हलकेच दाबायची, मूठ उघडून दाण्यांकडे पाहायची, मग खायची. थुंकली नाही. चौदाही घास गिळले. नवव्याला तिने मूठ उघडली आणि बराच वेळ पाहत राहिली. मीही पाहिलं. नव्या सालचे दाणे तिच्या तळहातावर एकमेकांना चिकटून बसले होते, आणि जुन्या सालचे त्यांच्यातून सुटून कडक, वेगळे पडले होते. संध्याकाळपर्यंत जे एकजीव होतं, ते सकाळी दोन तुकड्यांत वेगळं झालं होतं.

"इकडं ये गा," ती म्हणाली.

मी गंजाकडे पाहिलं. पण तिने मान वर केली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलत होती.

"हा एकाच बांधीतला हाय?" बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत.

"फारमावर लिहून देल्लं हाय."

"फारम मले वाचता येते. तोंडानं सांग."

"काऊन? बाकीच्यायले विचारलं का?"

"बाकीच्यायचं खाल्ल्यावर समजलं. तुह्यंबी समजलं." तिने मूठ गंजाच्या काठावर ठेवली. "पन मी म्हातारी हाय, माही जीभ चुकू शकते. तू हो म्हन. मी आत्ता सही करतो, पयला नंबर तुहा. या मोहर्लीच्या साहेबासमोर."

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. मॅनेजरने फोन वर धरला. तो नागपूरकडचा होता, त्याला आमची बोली सगळी समजत होती. एक अक्षर हवं होतं. मी आयुष्यात याहून स्वस्त सौदा केलेला नाही. हो शब्द माझ्या जिभेवर आला होता, हे मी आज शपथेवर सांगतो.

तेवढ्यात ती गंजाकडे वळली आणि त्याला म्हणाली, "म्हनते हो. हा काय, हा त हो म्हनतेच."

"नाई!" मी ओरडलो. "एका बांधीतला नाई! दोन बांध्यायचा हाय, मागच्या सालचा अन या सालचा, अर्धा-अर्धा! मी सोता मिसळला! कोन मिसळत नाई या तालुक्यात? सांगा, कोन नाई मिसळत?"

अधिकाऱ्यांनी टोपण परत लावलं. मॅनेजरने फोन खिशात ठेवला. पहिला नंबर चौथ्या गंजाला गेला; सिंदेवाहीकडच्या बचत गटातल्या चार बायकांचा तो तांदूळ होता. मॅनेजरने त्यांचा नंबर घेतला. परत जाताना तो माझ्याच गाडीत बसला, कारण दुसरी नव्हती. मोहर्लीपर्यंत आम्ही दोघेही खिडकीबाहेर पाहत होतो.

पुढे जे झालं ते लोक माझं भाग्य समजतात. गावोगाव बोललं गेलं, की अमक्या मिलवाल्याने बक्षीस दारात असताना खरं सांगितलं. शेतकरी लांबून माझ्याकडे धान भरडायला आणू लागले. "तुमच्याकडं मिसळत नाईत म्हनून आलो," असं म्हणत समोर बसतात, आणि मला प्रत्येकाचं धान वेगळं ठेवावं लागतं, वेगळं भरडावं लागतं, शेड अपुरी पडते, मजूर वैतागतात. मिसळण्यातून जे सुटायचं ते गेलं. खरेपणाचा शिक्का एकदा बसला की तो धुता येत नाही, आणि त्याचं भाडं रोज भरावं लागतं.

वर्षभर मी हे सोसलं आणि मग एके दिवशी दुपारी तिच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो. ती ओसरीत सूप घेऊन बसली होती.

"ये गा," ती म्हणाली. "राग आला?"

"बाई, एक सांगा. मी तवा हो म्हटलं असतं त?"

"सही केली असती."

"मिसळला हाय हे समजूनबी?"

"जबान देल्ली होती ना."

"अन त्या मोहर्लीवाल्याची फसगत?"

"कायची फसगत?" तिने सूप हलवलं. "त्याच्या हाटेलात बासी कोन खाते गा? तिथी सगळे गरमच खातेत. गरम तुहा चांगला होता. त्या दोघायनं काही खोटं नाई लिवलं."

मी उभाच होतो, तो बसलो. म्हणजे कुणाचं काही गेलं नसतं. मॅनेजरचं नाही, त्याच्या पाहुण्यांचं नाही. हिने सही केली असती आणि तोंडातून शब्द काढला नसता. ते सगळं माझं होतं, आणि मी ते स्वतःच्या तोंडाने ढकलून दिलं होतं. खरेपणा नव्हता तो. ते निदान मला तरी माहीत आहे.

"मंग तू हो काऊन नाई म्हटला?" तिने विचारलं.

"तुमी डिवचलं मले. राग आला."

ती माझ्याकडे बघत राहिली. पोत्यात हात घालून ती उभी राहायची ते मला आठवलं आणि मी नजर फिरवली.

"रागात बी हो म्हनता येते," ती म्हणाली, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता सुपातले खडे वेचू लागली.